‘आम्हांला कुठे ठाऊक होते?’



गेल्या महिन्यात एका नव्या घराला आशीर्वाद देण्यासाठी आम्ही गेलो होतो. टेबलावर पांढरे कापड, क्रूस, दोन मेणबत्त्या, सगळे नीट मांडलेले. आशीर्वादित करायचे पाणी म्हणून शेजारी ठेवली होती दुकानातून आणलेली सीलबंद बाटली. अंगणात, दहा पावलांवर, दगडी बांधणीची जुनी विहीर. आम्ही सहज विचारले, “विहिरीचं पाणी का नाही घेतलंत?” घरातल्या आजी हसल्या. म्हणाल्या, “फादर, त्या पाण्यानं आम्ही आता भांडीसुद्धा घासत नाही. ते तुम्ही घरभर शिंपडणार?”

बाटलीतले पाणी आशीर्वादित करण्याला उपासनेच्या नियमांची काही हरकत नाही. आम्ही ते केले, घरभर शिंपडले, चहा घेतला आणि निघालो. निघताना आजी दारापर्यंत आल्या आणि जाता जाता सांगून गेल्या की, त्या लग्न होऊन ह्या घरात आल्या तेव्हा देवळातल्या स्नानसंस्काराच्या कुंडात ह्याच विहिरीचे पाणी भरले जाई. देवळाला सर्वांत जवळची विहीर तीच. त्यांच्या दोन्ही मुलांचे स्नानसंस्कार त्याच पाण्याने झाले.

ही गोष्ट आम्ही नंतर पाच-सात जणांना सांगितली आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला: हे पाणी कोणी बिघडवले? उत्तरे तयार होती. नव्या इमारतींनी. महानगरपालिकेने. टँकरवाल्यांनी. बाहेरून आलेल्या लोकांनी. कारखान्यांनी. ह्यांतले एकही उत्तर पूर्ण खोटे नाही. जमिनीखालचे गोडे पाणी उपसत राहिले की समुद्राचे पाणी आत सरकते आणि विहिरी मचूळ होतात, हे वसईच्या माणसाला शिकवण्याची गरज नाही. त्या उपशाविरुद्ध दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांच्यासोबत आपल्यापैकी अनेकांचे आईवडील रस्त्यावर उतरले होते. पण आजींच्या विहिरीचे दुखणे खारेपणाचे नव्हते, घाणीचे होते. आणि एक गोष्ट आमच्या लक्षात राहिली. सगळी बोटे बाहेर वळलेली होती. आमचेही.

म्हणून ह्या रविवारी थोडे लांबचे उदाहरण घेऊ. आपल्या कोळी बांधवांना ते फार लांबचे वाटणार नाही.

जपानच्या दक्षिणेला क्युशू बेटावर मिनामाता नावाचे छोटे शहर आहे. समोर शांत उथळ उपसागर, किनाऱ्याला मच्छीमारांच्या वाड्या, आणि गावात चिस्सो ह्या कंपनीचा मोठा कारखाना. तिथे १९३२ पासून अॅसिटाल्डिहाइड नावाचे रसायन तयार होत असे. त्या प्रक्रियेत पारा वापरला जाई आणि त्यातून मिथिल मर्क्युरी हे पाऱ्याचे अतिविषारी संयुग तयार होऊन सांडपाण्याबरोबर समुद्रात जाई. पाणी पाहून कोणाला काही कळले नसते. ते विष आधी पाण्यातल्या सूक्ष्म जीवांच्या अंगात शिरले. त्यांना लहान मासळीने खाल्ले, लहानीला मोठीने. ते शरीरातून लवकर बाहेर पडत नाही, म्हणून प्रत्येक पायरीवर साठत आणि वाढत गेले. शेवटच्या पायरीवर मच्छीमाराचे ताट होते.

पहिली लक्षणे मांजरांत दिसली. मासे खाणारी मांजरे वेड्यासारखी नाचू लागली, गरगर फिरून समुद्रात पडू लागली. मग माणसांचे हातपाय थरथरू लागले, जीभ जड झाली, नजर अरुंद झाली. दोन लहान बहिणी आजारी पडल्यावर १ मे १९५६ रोजी कारखान्याच्याच रुग्णालयाचे प्रमुख डॉ. हाजिमे होसोकावा ह्यांनी मज्जासंस्थेचा एक अनोळखी आजार पसरत असल्याची सूचना सरकारी आरोग्य कार्यालयाला दिली. त्यानंतर आईच्या उदरातच विष पोहोचलेली बालके जन्माला आली. आई बरी दिसायची आणि बाळाला मान धरता येत नसे. वार बाळाचे विषापासून रक्षण करते, असे तोवर वैद्यकशास्त्र समजत होते.

इथपर्यंतची गोष्ट दु:खाची आहे, पण अजून पापाची नाही. निदान तसे म्हणता येते. माहीत नव्हते.

आता १९५९ साल पाहा. जुलैत कुमामोतो विद्यापीठाच्या संशोधकांनी आजाराचे कारण सेंद्रिय पारा असल्याचे जाहीर केले. डॉ. होसोकावा स्वतः मांजरांवर प्रयोग करीत होते. त्यांनी कारखान्याचे सांडपाणी अन्नात मिसळून एका मांजराला दिले. त्या मांजराचा क्रमांक होता ४००. ऑक्टोबरात त्याला तोच आजार झाला. डॉक्टरांनी वरिष्ठांना सांगितले. कंपनीने निष्कर्ष दडपला आणि प्रयोग थांबवायला लावले. डिसेंबरात वाजतगाजत सांडपाणी शुद्ध करण्याचे यंत्र बसवले गेले आणि उद्घाटनाला कंपनीच्या अध्यक्षांनी ‘शुद्ध’ पाण्याचा पेला सर्वांसमोर पिऊन दाखवला. त्या यंत्रातून पाराच निघत नव्हता, आणि अॅसिटाल्डिहाइड विभागाचे पाणी तर त्या वेळी त्यातून जातही नव्हते. त्याच महिन्याच्या अखेरीस रुग्णांशी करार झाला. कंपनी थोडे ‘सहानुभूतीचे पैसे’ देईल. पुढे आजाराचे कारण कारखाना असल्याचे सिद्ध झाले तरी अधिक काही मागायचे नाही. लोक गरीब होते. त्यांनी सह्या केल्या.

सांडपाणी मात्र आणखी साडेआठ वर्षे वाहत राहिले. अॅसिटाल्डिहाइडचे उत्पादन मे १९६८ मध्ये बंद झाले आणि त्याच वर्षी सप्टेंबरात सरकारने आजाराचे कारण अधिकृतपणे मान्य केले. १९७३ साली न्यायालयाने कंपनीला दोषी ठरवले आणि तो करार नीतीविरुद्ध म्हणून रद्दबातल केला. १९५९ नंतर सांडपाणी रोखता आले असते आणि रोखले नाही, ह्यासाठी सरकारही जबाबदार आहे, असे जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले ते २००४ मध्ये. सरकारी शिक्का मिळालेले रुग्ण दोन हजार दोनशेहून अधिक आहेत. शिक्का न मिळता नुकसानभरपाईसाठी भांडत राहिलेले त्यांच्या कितीतरी पट.

आम्हांला ह्या कथेत सर्वांत अस्वस्थ करतात ती तीन माणसे. एक, पेला पिणारे अध्यक्ष. त्यांच्याविषयी फार लिहायला नको. दोन, डॉ. होसोकावा. त्यांनी सत्य शोधले, वरिष्ठांना सांगितले, आणि मग वर्षानुवर्षे गप्प राहिले. १९७० साली, कर्करोगाने अंथरुणाला खिळलेले असताना, त्यांनी रुग्णालयातून साक्ष दिली आणि मांजराची हकिकत न्यायालयापुढे ठेवली. काही महिन्यांत ते वारले. त्यांना शूर म्हणावे की भित्रे, हे आम्ही अजून ठरवू शकलेलो नाही. तिसरा माणूस निनावी आहे. मिनामाताचा सामान्य रहिवासी. त्याचा मुलगा कारखान्यात कामाला, त्याचे दुकान कारखान्याच्या पगारावर चाललेले. तो रुग्णांच्या घरी जाणे टाळू लागला. आजार संसर्गाचा आहे म्हणाला, पैशासाठी सोंग करतात म्हणाला. त्याने समुद्रात थेंबभर विष टाकले नाही. त्याला फक्त माहीत करून घ्यायचे नव्हते.

सेमिनरीत आम्हांला संत थॉमस अक्वायनस शिकवला गेला, तेव्हा त्याचे अज्ञानावरचे विवेचन आम्हांला कोरडे वाटले होते. परीक्षेपुरते पाठ केले. आता चाळिशी ओलांडल्यावर त्याचा अर्थ उलगडतो आहे. थॉमस म्हणतो, सगळे अज्ञान सारखे नसते. जे जाणण्याचा मार्गच नव्हता ते अज्ञान माणसाला दोषमुक्त करते. जे जाणता आले असते आणि जाणणे कर्तव्य होते ते आळसाने राहिले, तर तो निष्काळजीपणा, आणि त्याचा दोष लागतो. आणि तिसरे अज्ञान माणूस स्वतः निवडतो. जाणले तर वागणे बदलावे लागेल, म्हणून तो जाणत नाही. हे अज्ञान ढाल होऊ शकत नाही, कारण ते इच्छेतूनच आलेले असते. मिस्साच्या आरंभी आपण विचाराने, शब्दाने, कृतीने घडलेल्या पापांबरोबर जे करायचे राहिले त्याचीही कबुली देतो. त्या चौथ्या भागाशी आपण पोहोचतो तेव्हा आपले लक्ष बहुधा पुढच्या प्रार्थनेकडे गेलेले असते.

इथे कोणी विचारील, आणि विचारावेच: फादर, तो अवाढव्य कारखाना कुठे आणि आमच्या घरची मोरी कुठे? आमच्या साबणाच्या पाण्याने खाडी मरते का?

प्रश्न खरा आहे. डेरेक पारफिट ह्या इंग्रज तत्त्वज्ञाने १९८४ सालच्या आपल्या ग्रंथात एक विचित्र कल्पना मांडली आहे. हजार छळकर्ते आहेत, हजार कैदी आहेत. प्रत्येक छळकर्ता एक बटण दाबतो आणि त्याने प्रत्येक कैद्याची वेदना इतकी थोडी वाढते की, ती कैद्याला जाणवतही नाही. हजार बटणे दाबून झाली की कैदी असह्य यातनेत असतात. मग यातना दिली कोणी? प्रत्येक जण हात वर करून म्हणू शकतो, माझ्या बटणाने कोणालाच काही झाले नाही. आपल्या बावखलाचे असेच आहे. एका घराचे मोरीचे पाणी त्यात गेले तर बावखल ते पचवते. चाळीस घरांचे गेले की त्या पाण्यातल्या खतासारख्या घटकांवर शेवाळ आणि जलपर्णी फोफावते. ती कुजू लागते, कुजवणारे जंतू पाण्यातला प्राणवायू संपवतात. शेवाळ दिवसा प्राणवायू देते, रात्री स्वतःच घेते, म्हणून पहाटे तो सर्वांत कमी असतो. मे महिन्यात पहाटे बावखलाच्या काठी उभे राहून मासे तोंड वर काढून हपापताना ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे समजावून सांगायला नको. निरोगी पाण्यात लिटरमागे पाच मिलिग्रॅम किंवा अधिक प्राणवायू विरघळलेला असतो; तो दोनच्या खाली गेला की बहुतेक मासे तगत नाहीत. मासे गेले की डासांच्या अळ्या खाणारे कोणी उरत नाही. मग आपण धूर फवारणीसाठी अर्ज करतो. खाडीतही तेच, फक्त मोठ्या प्रमाणावर आणि आपल्या नजरेआड. निवटी, चिंबोरी, कोलंबीची पिल्ले जिथे वाढतात त्या तिवरांच्या मुळांशीच आपले गटार सुटते. कालवे तर पाणी गाळूनच जगतात; पाण्यात जे जंतू असतील ते त्यांच्या अंगात साठतात आणि मग आपल्या कालवणात येतात.

मात्र ‘आपण सगळेच दोषी’ हे वाक्य आम्हांला तितकेच संशयास्पद वाटते. सगळे दोषी म्हटले की कोणीच दोषी राहत नाही, आणि सर्वांत मोठा दोषी सर्वांत मोठ्याने माना डोलावतो. हंडाभर मोरीचे पाणी आणि टँकरभर रसायन ह्यांना एकाच तराजूत घालणे हा अन्याय आहे. पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी १९८७ सालच्या आपल्या विश्वपत्रात ‘पापाच्या संरचना’ हा शब्दप्रयोग वापरला, पण त्या संरचना आकाशातून पडत नाहीत, माणसांच्या वैयक्तिक पापांतून उभ्या राहतात, हेही तिथेच सांगितले. आम्ही त्याचा अर्थ असा घेतो की, दोषाचे माप ज्याच्या त्याच्या हातातल्या सत्तेइतके आणि माहितीइतके. कारखान्याचे वेगळे, पालिकेचे वेगळे, इमारत बांधून सेप्टिक टँकचे तोंड थेट नाल्यात सोडणाऱ्या बिल्डरचे वेगळे. आणि आपले आपले.

तर आता आमचे.

आजींच्या विहिरीपासून निघालेल्या विचाराला इतके दिवस झाले, तरी एक साधी गोष्ट आम्ही पाहिली नव्हती. आजींच्या अंगणाच्या कुंपणाची मागची भिंत म्हणजे आपल्या धर्मग्राम सभागृहाची भिंत. आणि त्या भिंतीला लागून आहे सभागृहाचा सेप्टिक टँक.

सेप्टिक टँक घाण नाहीशी करतो, अशी आपली समजूत असते. तो तसे करत नाही. जड गाळ तळाशी बसतो, त्यातला काही कुजतो, आणि वरचे पाणी बाहेर पडते. ते घाणच असते. ते शोषखड्ड्यातून सावकाश मातीत झिरपावे आणि मातीने गाळावे, अशी योजना असते. गाळ दोन-तीन वर्षांनी उपसावा लागतो, नाही तर टाकीत जागाच उरत नाही आणि मैला तसाच पुढे जातो. आपल्याकडची जमीन रेताड, आणि पावसाळ्यात विहिरीचे पाणी हात घालून घेता येईल इतके वर येते. अशा वेळी शोषखड्डा आणि विहीर ह्यांत फारसा फरक राहत नाही. आम्ही धर्मग्रामाच्या नोंदवह्या चाळल्या. गेल्या अकरा वर्षांत टाकी उपसल्याची एकही नोंद सापडली नाही. ह्या अकरा वर्षांत त्या सभागृहात किती लग्ने, किती स्नानसंस्कारांची जेवणे, किती संमेलने झाली ह्याचा हिशेब मात्र पैशापर्यंत लिहिलेला आहे. त्यांतली शेवटची चार वर्षे आमच्या सहीची आहेत.

तीच चार वर्षे आम्ही वेदीवरून सृष्टीच्या रक्षणाविषयी बोललो आहोत. दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांच्या २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ ह्या विश्वपत्रावर त्याच सभागृहात अभ्यासवर्ग घेतला. त्यात पाण्यावर एक स्वतंत्र भाग आहे. स्वच्छ पाणी हा प्रत्येक माणसाचा मूलभूत हक्क असल्याचे त्यात म्हटले आहे. तो भाग आम्हीच वाचून दाखवला. वर्गाला साठ माणसे होती आणि मधल्या सुटीत शौचालयापुढे रांग होती.

विहिरीचे पाणी तपासून घेतले. शेरा आला: मैल्यातील जंतू आढळले, पिण्यास अयोग्य. असे पाणी म्हणजे हगवण, विषमज्वर, कावीळ. कावीळ ऐकून घाबरायला होत नाही, म्हणून एक जुनी घटना सांगतो. १९५५ च्या नोव्हेंबरात दिल्लीत यमुनेच्या पाणी उचलण्याच्या ठिकाणी सांडपाणी शिरले आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. पाण्यात क्लोरीन होते, तरीही झाली. ती आज ज्याला ‘हिपॅटायटिस ई’ म्हणतात ती असल्याचे पुढे कित्येक वर्षांनी उमगले. गरोदर स्त्रियांना हा आजार विशेष घातक असतो. आजींच्या घरी सून आहे, तिला सातवा महिना आहे. त्या घरात विहिरीचे पाणी पीत नाहीत, ही देवाची कृपा; पण ती कृपा महिन्याला बाटल्यांचे पैसे मोजून विकत घेतलेली आहे, आणि ते पैसे ते घर आपल्या वतीने भरते आहे. पाणी उकळून प्या, असे आम्ही सांगू शकतो. उकळल्याने जंतू मरतात. मैल्यातून झिरपणारे नायट्रेट उकळल्याने जात नाही, पाणी आटल्यामुळे उलट दाट होते. आणि ते प्रमाणाबाहेर असेल तर बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाचे रक्त प्राणवायू वाहण्याचे काम नीट करू शकत नाही. लिटरमागे ४५ मिलिग्रॅम ही आपल्याकडच्या प्रमाणित पिण्याच्या पाण्याची मर्यादा आहे. नायट्रेटची तपासणी अजून आलेली नाही.

मागच्या मंगळवारी आम्ही हे सगळे धर्मग्राम परिषदेपुढे ठेवले. नवी टाकी विहिरीपासून दूर बांधायची, जुनी उपसून बुजवायची, स्वयंपाकघराचे पाणी वेगळे गाळून सोडायचे. मिस्त्रींनी दिलेला खर्चाचा अंदाज मोठा आहे. तेवढीच रक्कम सणासाठी, देवळापुढच्या नव्या कमानीसाठी जमलेली आहे. चर्चा तापली. एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, “कमानीसाठी दिलेला पैसा कमानीलाच. देणाऱ्याचा हेतू मोडता येत नाही.” ते बरोबर बोलले, आणि आम्ही त्यांच्या बाजूने आहोत, देणगीदारांना विचारल्याशिवाय एक रुपयाही हलणार नाही. दुसरे म्हणाले, “फादर, त्या घरातल्यांनी तर कधी तक्रारच केली नाही.” हे मात्र आम्हांला झोंबले. आम्ही त्याच संध्याकाळी आजींकडे गेलो आणि टाकीची गोष्ट सांगितली. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “आम्हांला ठाऊक होतं, फादर. पण देवळाविरुद्ध तक्रार कुठं करायची?”

म्हणजे त्यांना ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते आम्हांला.

सभागृहाचे बुकिंग आम्ही आजपासून थांबवले आहे. टाकी उपसण्यासाठी गाडी येत्या गुरुवारी येईल. ज्यांची लग्ने ठरलेली आहेत अशा तीन कुटुंबांशी बोलणे चालू आहे. त्यांच्यासाठी फिरत्या शौचालयांची सोय करू, त्याचा भार त्यांच्यावर पडणार नाही. कमानीच्या देणगीदारांची बैठक पुढच्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर आहे. ज्यांना निधी हलवणे मान्य नाही त्यांनीही यावे आणि तसे स्पष्ट सांगावे.

ज्यांच्या घरी विहीर किंवा बोअरिंग आहे आणि पाणी तपासून हवे आहे, त्यांनी ह्याच आठवड्यात कार्यालयात नावे द्यावीत. तपासणीसाठी निर्जंतुक केलेल्या बाटल्या आम्ही देऊ. घरच्या बाटलीत आणलेले पाणी चालत नाही. पाणी सकाळी भरून त्याच दिवशी दुपारच्या आत पोहोचवायचे आहे.

आपले प्रमुख धर्मगुरू